आमची वाटचाल : पाच फेऱ्या आणि तीन अष्टमांश

पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात भिंतीवर एका जुन्या पिकअपचा फोटो लावलेला आहे. हिरवी गाडी, हौद्यात भाताच्या गोणी, चाकं निम्मी चिखलात. खाली लिहिलंय, ‘आमचं पहिलं काम’. ती गाडी कुर्ल्यात, आमच्या गाळ्यात, माझ्या हातून झाली. फोटोसुद्धा मीच काढलेला आहे, डाव्या कोपऱ्यात माझं बोट आलंय. आमच्या गॅरेजची हकिगत लिहून काढायला तो फोटो हे एक कारण आहे, ते लपवत नाही.

वडील प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात टर्नर होते. घरात जेवताना बोलणं व्हायचं ते ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. दोन थाऊ जास्त गेलं, पाच थाऊ कमी भरलं. त्यांचा मायक्रोमीटर लाकडी डबीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला असायचा आणि त्याला हात लावायची परवानगी मला आयटीआय झाल्यावर मिळाली. चार वर्षं दुसऱ्याकडे पाने उचलले आणि १९९३ साली सीएसटी रोडच्या आत, मिठीच्या अंगाला, एक गाळा भाड्याने घेतला. सोबत भागीदार होता. त्याचं वेल्डिंग उत्तम, बोलणं त्याहून उत्तम. मी गाडीखाली आणि तो गिऱ्हाइकासमोर, अशी वाटणी आपोआप झाली. ती वाटणी पुढे महागात पडली.

१९९९ च्या एप्रिलमध्ये वाडा तालुक्यात शेती असलेले एक काका ती पिकअप घेऊन आले. महिंद्राची लांब चासीची गाडी, पुढे जीपचं तोंड, मागे लोखंडी हौदा, मुळातच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी. आत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. काका राहायला मुलुंडला, पण भातशेती वाड्याला, पिंजाळच्या पलीकडे. कोलम पिकवायचे. पावसाळ्यात शेतापर्यंत डांबर नाही, मध्ये ओढा, वर लाल मातीचा चढ. त्यांना गाडी मिरवायला नको होती, माल बाहेर काढायला हवी होती.

तक्रार अशी की फोर व्हील टाकलं की गाडी आखडते, लिव्हर परत निघत नाही आणि प्रोपेलरचे, म्हणजे ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे, सांध्यातले क्रॉस तुटतात. एका पावसाळ्यात तीन क्रॉस. तीन गॅरेजवाल्यांनी तीन वेळा नवे क्रॉस घालून पैसे घेतले होते. काका म्हणाले, “मिस्त्री, क्रॉस घालायला मी आता शिकलोय. तुम्ही तो तुटतो का ते सांगा.”

मी गाडी चारही घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचलून घेतली. पुढची दोन्ही चाकं दोन माणसांना सोबत एक पूर्ण फेरी फिरवायला लावली, प्रोपेलरवर खडूची खूण केली आणि फेऱ्या मोजल्या. पाच आणि तीन अष्टमांश. मग मागे तेच केलं. पाचच्या आतच थांबली, चार आणि सात अष्टमांश. पुन्हा मोजलं. तेच आलं. म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात) ४३/८ चा क्राउन पिनियन, ४३ दातांचा मोठा क्राउन आणि त्याला फिरवणारा ८ दातांचा छोटा पिनियन, आणि मागे ३९/८ चा. कुणीतरी कधीतरी मागचा मोडल्यावर हाताला येईल तो बसवला होता. पुढची चाकं एक गती मागतात, मागची दुसरी, आणि ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, दोघांना एकाच दांड्याने बांधतो. चिखलात चाक घसरून सुटतं, कडक जमिनीवर सुटायला जागा नाही, मग सगळा पीळ क्रॉसवर येतो. क्रॉस बिचारा काय करणार.

(ज्यांच्याकडे जुनी फोर बाय फोर आहे त्यांनी ही मोजणी एकदा करावीच. दोन्ही चाकं सोबत फिरवा. एकच फिरवलंत तर डिफरन्शियलमुळे आकडा निम्मा येईल आणि तुम्ही उगाच घाबराल.)

भागीदाराचं म्हणणं होतं, पुढचं प्रोपेलर काढून ठेवू, नवा क्रॉस दाखवू, गाडी तुटणार नाही, गिऱ्हाईक खूश. ते त्याने माझ्यासमोर, शांतपणे सांगितलं. मी नाही म्हणालो. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं राहिलं.

४३/८ ची जोडी शोधायला मला नऊ दिवस लागले. सीएसटी रोडचे भंगारवाले पालथे घातले, ऑपेरा हाउसला दोन चकरा झाल्या. क्राउन आणि पिनियन एकाच जोडीचे हवेत, दोघांवर कोरलेला नंबर जुळायला हवा. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन घातला तर महिनाभरात रडायला लागतात. शेवटी एका कटिंगवाल्याकडे, पोत्याखाली, ग्रीसमध्ये बुडालेली जोडी मिळाली. दात बघून मी भाव केलाच नाही.

बसवायला चार दिवस. पिनियनची खोली शिमने जुळवायची, बेअरिंगचा ताण दोरी गुंडाळून ताणकाट्याने बघायचा, मग बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर सात थाऊ. दातांना निळा रंग लावून फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. तो दाताच्या मध्यावर यायला हवा, टोकाला नको, मुळाशी नको. मी तीनदा खोललं. तिसऱ्यांदा वडील गाळ्यावर आले होते, त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन ठसा बघितला आणि म्हणाले, “आता झाकण लाव.” आयुष्यात त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळाली नाही.

मग पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या. आधीच्या मालकाने जास्त माल भरायला मागे चार पाटे वाढवले होते. रिकामी गाडी दगडावरून गेली की मागचं चाक हवेत. हवेतलं चाक गाडी ओढत नाही. ते चार काढले, उरलेल्यांना भट्टीत नवा बाक दिला, मधे ग्रॅफाइटचं ग्रीस, नवे बुश, नवे यू बोल्ट. काकांना स्पष्ट सांगितलं, आता बारा गोणी, तेरावी नाही. दोन्ही एक्सलच्या हौसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवेच्या भोकाला, नळी जोडून बॉनेटखाली उंच नेली. गरम हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल ताकासारखं झालेलं दिसलं की समजावं. चासीला पुढे-मागे ओढायचे हूक लावले, त्याचे शॅकल रे रोडला दारूखान्यातून आणले, जहाजावरून उतरलेले. आज नवीन मिळतात त्यातल्या कुठल्याही रंगीत शॅकलपेक्षा ते मला जवळचे.

त्या पावसाळ्यात क्रॉस तुटला नाही. पुढच्याही नाही. वाड्याहून, मुरबाडहून, कर्जतहून माणसं यायला लागली.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मिठी आमच्या गाळ्यात शिरली तेव्हा दुपार होती. संध्याकाळी बेंच दिसेनासा झाला. आम्ही वरच्या पत्र्यावर रात्र काढली. पाणी उतरल्यावर आत गेलो तर प्रेस आडवा, वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर गेलेला, लेथची मोटर गेलेली, डायल गेजमध्ये चिखल, आणि गिऱ्हाइकांच्या पाच गाड्या छपरापर्यंत भरलेल्या. इंजिनात पाणी, गिअरबॉक्समध्ये पाणी. अशा वेळी चावी फिरवायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एका गाडीची चावी भागीदाराने फिरवली.

आठव्या दिवशी तो म्हणाला, माझा हिस्सा मोकळा कर. मी म्हटलं, हिस्सा चिखलात आहे, सोबत काढू. तो चिखल काढायला आला नाही. पंधरवड्याने कळलं की गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही त्याच्याकडे आहे, पिनियनची खोली मोजायला मी वडिलांकडून करून घेतलेला जिग त्याच्याकडे आहे, आणि पिकअपच्या फोटोचा अल्बमही. वही परत मिळाली नाही तरी चालणार होतं, मला माणसं पाठ होती. जिगचं दुःख अजून आहे. तो वडिलांनी केलेला शेवटचा जिग होता.

त्या ऑगस्टमध्ये गाळा सोडायचा विचार पक्का झाला होता. मालकाला तोंडी सांगूनही टाकलं. दोन मुलं कामावर होती, त्यांचा पगार द्यायला बायकोच्या बांगड्या मोडल्या. मग एका रविवारी सकाळी दारात ती हिरवी पिकअप उभी. काका उतरले, हौद्यात दोन गोणी तांदूळ, डिझेलचा एक ड्रम आणि त्यांच्या शेतावरचे चार गडी. दिवसभर सगळ्यांनी मिळून पाने, पुलर, बेअरिंग, गिअर डिझेलमध्ये धुतले. गंज चढायच्या आत धुतलं म्हणून अर्धं सामान वाचलं. जाताना काकांनी वीस हजार हातात ठेवले. मी म्हटलं, “काका, हे कशाचे? गाडीचं काम काहीच नाहीये.” ते म्हणाले, “पुढे निघेल. तोवर तुमच्याकडे राहू द्या. मला नवा मिस्त्री शोधायचा नाही.” मायक्रोमीटर पोटमाळ्यावर होता, त्याला काही झालं नाही.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं काम चाललं, मुलं शिकली, गाळा वाढवला. सांगण्यासारखं एवढंच.

दरम्यान भागीदाराने थाटलेलं दुकान मोठं झालं, तेच पश्चिम उपनगरातलं, काचेचं. दोन दिवसांत गाडीला तीन इंच उंची, असा बोर्ड. २०१४ ला त्याने केलेली एक पिकअप आमच्याकडे टो होऊन आली. पुढच्या एक्सलवर पाट्याखाली ओतीव ठोकळे घातलेले. जोरात ब्रेक मारला की पुढचं एक्सल पिळतं, ठोकळा निसटतो, स्टिअरिंग हातात राहतं आणि चाक दुसरीकडे बघतं. गाडी चालवणारा मुलगा वाचला, कारण वेग कमी होता. पुढच्या एक्सलला ठोकळा कधीही नको, कुणी फुकट दिला तरी नको. उंची हवी तर पाट्याच्या बाकातून, तीही थोडीच, मग कास्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्याचा कल, जुळवायला पाचर, ब्रेकचा होज लांब, ड्रॅग लिंकचा कोन तपासायचा. मोठ्या टायरचंही तेच. ६.००-१६ काढून ७.५०-१६ घातला की चाक जवळपास तीन इंच उंच होतं आणि तुमचा ५.३८ चा, म्हणजे ४३/८ चा, रेशो ४.८ सारखा वागायला लागतो. चढावर क्लच जळतो आणि दोष इंजिनाला. जुनी पिकअप विकत घेणार असाल तर रंग बघू नका, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चासीवर हातोडी मारा. टणक वाजली तर पुढे बोला, भद्द वाजली तर चहा पिऊन निघा.

९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला. नोंदणीत असलेल्या, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्डवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी सांगाड्यावर, कारवाई करायचं केंद्राने राज्यांना कळवलं होतंच. आमच्याकडे ठरलेली सात कामं एका आठवड्यात रद्द झाली. मी कधी ठोकळे घातले नाहीत, तरी लोकांच्या डोक्यात आम्ही आणि तो एकाच रांगेत होतो. हे मला अजून सलतं. मी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवून दाखवली. वाढवलेले पाटे काढणं, जुळणारा क्राउन पिनियन, सील, बुश, किंगपिन, हे सगळं गाडी कंपनीने केली तशी परत करणं आहे. सातातली चार कामं परत आली.

काका आता गाडी चालवत नाहीत, मुलगी चालवते. मेमध्ये ती पिकअप घेऊन आली, पुढच्या डाव्या नकलमधून, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातून, ग्रीस गळत होतं. कामावर दोन नवीन मुलं आहेत, त्यांना गाडी घोड्यांवर घ्यायला सांगितली आणि हातात खडू दिला. पुढे पाच आणि तीन अष्टमांश. मागेही तेवढ्याच. किंगपिनचे बेअरिंग बदलले, नकलचा सील मात्र धड मिळाला नाही, जो आला तो हलका निघाला. चांगला ऑपेरा हाउसला सांगून ठेवलाय. पाऊस वाड्याला पोचायच्या आत तिला पुन्हा एक फेरी मारावी लागेल.