आटपाडीहून बेंगळुरूच्या मेंदूच्या लॅबमध्ये, पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी

मे-जूनमध्ये बेंगळुरूच्या एका न्यूरोसायन्स लॅबमध्ये इंटर्नशिप करून आले, तेव्हापासनं जत, आटपाडी, माण-खटावकडचे बरेच जण विचारतायत हे मिळतं कसं, म्हणून एकदाच लिहिते. आपली पोरं दोनच गोष्टींवर अडतात, वेळेत कळत नाही आणि पहिल्या महिन्याचे पैसे हातात नसतात.

तीन सायन्स अकॅडमींची मिळून समर रिसर्च फेलोशिप असते, तिचे फॉर्म साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. तेव्हा आपल्याकडं सेमिस्टरची परीक्षा, घरातली माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि मग एप्रिलमध्ये चौकशी सुरू होते. सरांचं शिफारसपत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच मागून ठेवा. निवड झाली की दर महिन्याला भत्ता आणि रेल्वेचं जायचं-यायचं भाडं मिळतं. विज्ञान शिकणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप असेल तर वर्षाच्या ८०,००० मधले २०,००० उन्हाळी रिसर्चसाठीच असतात.

फॉर्ममध्ये 'लहानपणापासून आवड' असलं लिहू नका, स्वतः काय बघितलं ते लिहा. आमच्या आजोबांना अर्धांगवायू झाल्यावर साधं 'पाणी' म्हणता यायचं नाही, पण भजन लागलं की अख्खा अभंग म्हणायचे, हे का होतं ते मला शोधायचं होतं, मी तेच लिहिलं.

मिरज-सांगलीहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीत बेंगळुरूला नेते. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे म्हणजे लग्नसराई, त्यामुळं पहिल्याच दिवशी करा. आयआयएससीला (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) जाणार असाल तर यशवंतपूर जवळ पडतं. दिल्लीजवळ मानेसरला एनबीआरसी ही मेंदू संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं नंबर लागला तर गोवा एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा तिन्हीकडनं निजामुद्दीनला जाते.

आता काम. माझ्या वाट्याला आली चिलटं, तीच, पिकल्या केळ्यावर बसतात ती! मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून त्यांचं खाणं करायचं, बाटलीतनं काढून कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर बेशुद्ध करायची आणि मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशनं नर-मादी वेगळे करायचे. क्रॉस लावायला, म्हणजे आपण निवडलेल्या नर-मादीची जोडी लावायला, कोषातनं नुकतीच बाहेर आलेली मादी लागते, अंग फिकट आणि पोटावर काळसर ठिपका, २५ डिग्रीला आठ तासांच्या आत वेगळी केली नाही तर ती नराला भेटलेली असू शकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ लॅबला जावंच लागतं. एवढ्याशा जिवाच्या मेंदूत जवळजवळ १,४०,००० न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशी, असतात आणि त्या सगळ्यांच्या जोडण्यांचा नकाशा २०२४ मध्ये छापून आलाय, तो स्क्रीनवर फिरवून बघताना मला जेवायची शुद्ध राहिली नव्हती.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. लॅबमधले कन्नड, मल्याळी, बंगाली सगळेच तोडकंमोडकं बोलतात. लॅब मीटिंगमध्ये समजलं नाही तर तिथंच विचारा, कुणी हसत नाही, उलट फळ्यावर काढून दाखवतात.

पैशाचं मात्र आधी बघा. भत्ता बऱ्याचदा उशिरा जमा होतो, तोवर मेस, हॉस्टेल आणि बस खिशातनंच. महिनाभर पुरतील एवढे घेऊन जा, नाहीतर निवडीचं पत्र आलं की लगेच ऑफिसला मेल करून आगाऊ मिळतील का विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बोनाफाईड, कॉलेजची एनओसी आणि पासबुकाची झेरॉक्स जवळ ठेवा. मुलींनी हॉस्टेल अलॉटमेंटचं पत्र घरी दाखवावं, आमचे अण्णा त्या पत्रावरचा सही-शिक्का बघूनच तयार झाले.