पडलेलंच घ्यायचं

गुरुवार, रात्री

सुट्टी घेतली तेव्हा वाटलं होतं, मोकळा वेळ मिळाला की हात आपोआप चालेल. कुठला चालतोय! लग्नपत्रिकांचे गणपती, पाठ्यपुस्तकांतल्या ‘आमचे मदतनीस’, फोटोवरून कुणाच्या दिवंगत आजोबांचं पोर्ट्रेट, सगळ्यांना ‘पुढच्या महिन्यात’ सांगून टाकलं. मग ब्रश धुतले, कपाट लावलं, इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला. कागद कोराच. गिऱ्हाईक असलं की निदान चिडायला तरी कुणी असतं.

हात चालला तो भाचीमुळे. रंगपंचमीला शाळा बंद, आणि गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, गर्दीत तिला राजवाड्याला पाठवायला वहिनी तयार नाही, म्हणून ती माझ्याकडे. कॉलनीतल्या बागेतून पिशवीभर पानं घेऊन आली आणि तिनं नियम सांगितले. झाडावरचं तोडायचं नाही, पडलेलंच घ्यायचं. कात्री नाही, डिंक नाही. ज्याचा प्राणी दुसऱ्याला ओळखता येईल तो जिंकला.

मी बदामाचं लाल पान दुमडायला घेतलं तर लगेच, “आत्या, चीटिंग नको. जसं आहे तसं ठेव!” पोरगी शाळेत हिंदी बोलते, घरी मराठी, भांडते मात्र दोन्हींत. पिंपळाचं पान उलटं धरून मी सोंड दाखवली, तर गणपतीवर बंदी आली. “तो तुझ्या कामाचा आहे.” आठ वर्षांच्या मुलीला हे कळतं!

शेवटी गुलमोहराच्या वाळक्या शेंगेची मगर झाली. मी नाही केली, ती होतीच. मी फक्त आडवी ठेवली. किती दिवसांनी बसल्या जागी तासभर हललेच नाही.

शनिवार

आज आमच्या इंदूरचे चित्रकार चिंचाळकर गुरुजी यांची आठवण येते आहे. विष्णू चिंचाळकर चित्रकलेचे शिक्षक देवळालीकर यांच्या तालमीतले. देवळालीकरांचं इंदूरचं चित्रकलेचं विद्यालय 1927 चं. चित्रकार बेंद्रे, हुसेन त्याच घराण्यातले. रंग-रेषांवर हुकमत असलेला माणूस वाळकी पानं, काटक्या, चिंध्या, फेकलेल्या वस्तू यांत आकार शोधत बसला, आणि मुलांनाही तेच शिकवलं. 2000 साली ते गेले. मला हे सगळं आधी ‘टाकाऊतून टिकाऊ’ छापाचं वाटायचं, शाळेच्या हस्तकला तासासारखं. आता वाटतं, त्यात टिकाऊचा काही संबंध नसावा. शेंग जेवढी वळलेली आहे तेवढीच मगर मिळणार, ही अट पत्करायची, बस्स. गिऱ्हाईकाच्या अटीत आणि या अटीत फरक एवढाच की शेंगेला माझ्याकडून काही नको असतं.

कोऱ्या कागदापुढे मी अडत होते ती थकल्यामुळे, असं सगळ्यांना सांगत होते. थकवा होताच, पण कागदावर काहीही काढलं तरी चाललं असतं, हे त्याहून जास्त अवघड होतं.

सोमवार

सध्या मोठी अडचण कच्च्या मालाची. 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात पडलेलं पान मिळवणं ही गंमत नाही. मोठे रस्ते रात्रीतच झाडून होतात, सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात. आज बागेच्या माळीकाकांनी पिशवी बघून विचारलं, “खाद बनवताय का?” ‘खेळतेय’ म्हणायला चाळिशीत जरा लाज वाटली, पण म्हटलं. त्यांनी ढिगाऱ्यातून शिरीषाच्या शेंगा वेगळ्या काढून दिल्या.

दुपारी एका पत्रिकावाल्याचा फोन. अक्षय तृतीयेचे मुहूर्त, गणपती हवेतच, मागच्यासारखेच. मी हो म्हटलं. घरभाडं शेंगांत देता येत नाही. पण ‘मागच्यासारखेच’ला नाही म्हटलं. चौरस कागदावर, फक्त शाईच्या डागांतून निघेल तो देईन, कात्री नाही, खोडरबर नाही. ते म्हणाले, “मॅडम, दोन नमुने पाठवा, बघू.”

भाचीला कळलं तर ती विचारणार, गणपती परत कसा आला. तिची परीक्षा आहे, तोवर सुटले.