दोन टक्क्यांची पिन

एम.टेक.च्या विद्यार्थ्याने नोंदवहीत लिहिलेला झिजेचा आकडा मी तिसऱ्यांदा खोडायला लावला, तेव्हा प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, वजनकाट्याचा दोष नाही. या पिनचा आवाजच निराळा येतोय."

६०६१ या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूत सुमारे ५० नॅनोमीटरचे ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे) कण ढवळून ओतलेल्या कांड्यांची झीज आम्ही फिरत्या तबकडीवर पिन घासणाऱ्या पिन-ऑन-डिस्क यंत्रावर मोजत होतो. ८ मिलिमीटर व्यासाची पिन, खाली ईएन-३१ पोलादाची तबकडी, २० न्यूटन भार आणि सेकंदाला १ मीटर वेगाने १,००० मीटर अंतर. एक टक्का कणांची पिन साध्या मिश्रधातूपेक्षा कमी झिजली होती. दोन टक्क्यांची पिन कठिणता मोजणाऱ्या ब्रिनेल चाचणीत तिच्याहून कठीण ठरली होती, आणि आर्चर्डच्या झिजेच्या १९५३ सालच्या समीकरणात कठिणता छेदस्थानी असल्यामुळे तिची झीज आणखी कमी भरायला हवी होती; प्रत्यक्षात ती साध्या मिश्रधातूच्या झिजेच्याही पुढे गेली. पिन ॲसिटोनने नीट पुसली नसेल, असेच मी धरून चाललो होतो.

मामांच्या बोलण्यावरून तबकडीवरचा भुगा पांढऱ्या कागदावर झाडून घेतला. एक टक्क्याचा भुगा काळसर आणि पिठासारखा बारीक होता. तबकडीतले लोह व हवेतला ऑक्सिजन मिसळून पिनच्या तोंडावर जो थर बसतो, त्याचा तो चुरा. हा थर टिकतो तोवर खालचा धातू सुरक्षित राहतो. दोन टक्क्यांच्या कागदावर मात्र चकचकीत पापुद्रे पडले होते.

पाण्यात बुडवून घनता काढली, तर २.७२ ऐवजी २.६३ आली, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक पोकळी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सुटे कण दिसणे शक्यच नव्हते. दिसले ते त्यांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांना लागून छिद्रे. ब्रिनेलची गोळी वरून दाबते तेव्हा असा गठ्ठा भार पेलतो, पण तबकडीने आडवे ओढल्यावर त्याच्या कडेने भेग धरते, तो उपटून निघतो आणि मधे सापडून वाळूसारखे ओरखडे काढतो.

गठ्ठे कसे झाले, हे शोधायला मला लांब जावे लागले नाही. भट्टी दुसऱ्या गटाला सोडायची होती, म्हणून त्या घाण्याची भुकटी तापवून न घेता एकदम मुशीत टाकायला मीच सांगितले होते. वितळलेले ॲल्युमिनिअम ॲल्युमिनाला सहजासहजी ओले करत नाही, म्हणजे त्याच्यावर पसरून चिकटत नाही, हे वर्गात शिकवणाराही मीच. विद्यार्थ्याने ते बोलून दाखवले नाही. खोडलेले तिन्ही आकडे त्याने पुन्हा लिहिले, शेजारी घनतेचा नवा रकाना आखला आणि विचारले, "सर, हा घाणा प्रबंधात ठेवायचा ना?" मी खाली तारखेसह सही केली.