मे महिन्याचे बिल आणि गच्चीवरचे ऊन

आमच्या भुसावळच्या घरातील वीजमीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२०० हा आकडा छापलेला आहे. बारा वर्षे त्या मीटरसमोरून येणे-जाणे झाले, परंतु त्या आकड्याचा अर्थ मी शोधला तो दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याचे ४५२ युनिटांचे बिल हाती पडले तेव्हा. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच घराला, याच चार माणसांना, १३० युनिट पुरले होते.

बिल आल्यावर मी एक वही घेतली आणि घरातील प्रत्येक उपकरणाचे वॅट व ते दिवसातून किती तास चालते, हे लिहून काढले. वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. हिशेब इतकाच आहे. चार पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, उन्हाळ्यात सरासरी पंधरा तास, म्हणजे दिवसाला साडेचार युनिट आणि महिन्याला सुमारे १३५. पंख्याला वीज ती काय लागणार, असे मी आजवर समजत आले होते, त्यामुळे हा आकडा पाहून मी बेरीज दोनदा तपासली. तरीही सगळे मिळून वहीतील अंदाज ३६० युनिटांवर थांबला. उरलेले ९२ युनिट कुठे गेले, हे वही सांगू शकत नव्हती.

ते मीटरने सांगितले. तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्ची पडते. म्हणजे मिनिटाला एकदा लुकलुकला तर घरात त्या वेळी १८.७५ वॅटचा भार आहे. (काही मीटरांवर १६०० लिहिलेले असते, तिथे हाच आकडा दुप्पट धरावा.) एका रात्री दिवे, पंखे, एसी सारे बंद केले, फ्रिजचा प्लगही काढला आणि घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चार वेळा! कोणीही काहीही वापरत नसताना घर ७५ वॅट ओढत होते, म्हणजे महिन्याला सुमारे ५४ युनिट. एकेक प्लग काढत गेल्यावर कळले की रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स बंद नसतोच, राउटर चालू असतो आणि सर्वांत मोठा वाटा इन्व्हर्टरचा होता. त्याची बॅटरी सहा वर्षांची झाली होती. अशी जुनी बॅटरी पूर्ण भरल्यावरही सतत थोडाथोडा प्रवाह खात राहते. ती बदलली, सेट-टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय लावली आणि हा भार २० वॅटवर आला. उरलेली तूट मुख्यतः फ्रिजची व एसीची होती. फ्रिजवरच्या लेबलावर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात, ते ठरावीक तापमानातील चाचणीचे असतात. आमचा फ्रिज मात्र पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकून उभा होता. तो आतल्या बाजूला सरकवला आणि मागे वीतभर जागा सोडली.

एसीचा विचार करताना मला सासूबाईंच्या बोलण्याचा फार उपयोग झाला. त्यांचे बालपण यावल तालुक्यातील धाब्याच्या घरात गेले. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर आणि हातभर रुंदीच्या भिंती, यांमुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होत असे. आमच्या घराला सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब आहे. दिवसभर ४४-४५ अंशांत भाजलेला हा स्लॅब रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडतो आणि आमचा एसी माणसांना गार करण्याआधी त्या स्लॅबशी झगडतो. म्हणून खर्चाचा पहिला पैसा यंत्रावर न घालता गच्चीवर घातला. चुन्याचे दोन हात दिले आणि झोपण्याच्या खोलीवरच्या भागात केळीच्या रोपवाटिकेत वापरतात तसली शेडनेट स्लॅबपासून चार फूट उंच ताणली, म्हणजे खालून वारा फिरतो. पुढच्या मेमध्ये एसी रात्री नऊऐवजी अकराला लावला तरी चालू लागले. तो आता २७ अंशांवर असतो आणि सोबत पंखा फिरतो. तापमान एक अंशाने वाढवून ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

चारही पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, पंखे घेतले. ते पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास चालतात. लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरवरचा पंख्यांचा भार ३०० वॅटवरून १२० वर आला, हा लाभ मला बिलातील बचतीपेक्षाही मोठा वाटतो.

दुपारी आम्ही कूलरच वापरतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतील सुमारे दोन-तृतीयांश युनिटाएवढी उष्णता शोषली जाते, आणि आपल्याकडची मेमधील हवा कोरडी असल्यामुळे १८० वॅटचा कूलर येथे खरोखर गारवा देतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीत साचते. पावसाळा लागला की त्याचा उपयोग संपतो. आणि पाण्याचा हिशेब विसरता येत नाही. ज्या आठवड्यात नळाला पाणी लांबते, त्या आठवड्यात आम्ही कूलर दोन तास कमीच चालवतो.

मागच्या मेचे बिल २६८ युनिटांचे आले. ३०० युनिटांच्या पुढचा टप्पा महाग दराचा असल्यामुळे प्रथम वाचले ते सर्वांत महाग युनिट.

त्यानंतरच आम्ही सौर पॅनेलचा विचार केला. आधी तीन किलोवॅटची यंत्रणा लागेल असे वाटत होते, आता दोन पुरली. एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार रुपयांचे अनुदान आहे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते: कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, असे नाही. पॅनेलचा पृष्ठभाग २५ अंशांहून जितका अधिक तापेल, तितके उत्पादन दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते आणि आमच्या गच्चीवर तो मेमध्ये साठीच्या पुढे सहज जातो. त्यात धूळ बसते, म्हणून पॅनेल आठवड्यातून एकदा पहाटे, काच थंड असताना, ओल्या कापडाने पुसावे लागते. रात्रीची वीज अर्थात वाहिन्यांमधूनच येते. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात, आणि एका युनिटामागे अर्धा किलोहून अधिक कोळसा जळतो हे कळल्यापासून त्या चिमण्यांकडे पाहताना मला रात्रीच्या एसीचे तास आठवतात.

पश्चिमेची भिंत अजून राहिली आहे. तिच्याबाहेर मागच्या पावसाळ्यात कडुनिंब लावला आहे. तो खिडकीपर्यंत येईतो या उन्हाळ्यात बांबूच्या चटया बाहेरच्या बाजूने बांधणार आहोत, आणि त्या बांधण्याआधी व बांधल्यानंतर आठ-आठ दिवस सकाळी सातचे रीडिंग वहीत लिहायचे आहे.