आबांचं तिकीट: स्वारगेट ते पिंपरी

कोल्हापूर ते स्वारगेट हा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा पल्ला आम्हाला कधी जड गेला नाही. जड जायचं ते स्वारगेटला उतरल्यावर. ताई पिंपरीत राहते. स्टँडबाहेर आलं की हातातल्या पिशवीतली गुळाची ढेप बघूनच रिक्षावाला आकडा सांगायचा, आणि बस धरली तर शिवाजीनगर येईपर्यंतच जीव आंबून जायचा. यंदा आबांना घेऊन गेले, तेव्हा ठरवूनच टाकलं होतं, की पुढचं सगळं जमिनीखालच्या मेट्रोनं.

आबा केएमटीतून, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेतून, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्यांचा उजवा पाय आपसूक ब्रेक दाबतो. कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी धरली, कराड गेलं, सातारा गेलं. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना मी म्हटलं, "आबा, आज अजून एक बोगदा हाय."

"पुण्यात कुठला डोंगर आलाय गं?"

डोंगर नाही, पेठा आहेत. स्वारगेटला जिने उतरता उतरता मी त्यांना सांगितलं, की हे स्थानक खोदताना २०१९ साली खाली पाण्याचा जुना बोगदा सापडला होता. आबा थांबले. "म्हणजे आपल्या पाण्याच्या खजिन्यागत?" आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला पाण्याचा खजिना आणि पुण्यातला बोगदा ह्यांचा संबंध काही नाही, पण त्यांना जागा एकदम ओळखीची वाटू लागली. मी वाद घातला नाही.

मोबाईलवरचं तिकीट त्यांना मान्य नव्हतं. खिडकीवर जाऊन कागदाचं घेतलं आणि सवयीनं चौपट घडी घालून घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचलं. हे पुढे नडणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तीन डब्यांची गाडी. मंडई, मग कसबा पेठ. वर तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते आणि खाली आम्ही गार हवेत ऐसपैस बसलेलो. कसबा पेठ सोडल्यावर मी म्हटलं, "आता डोक्यावर मुठा नदी हाय." आबांनी छताकडं बघितलं. मग हळूच, "गळत तर न्हाई न्हवं?" समोरच्या सीटवरची मुलगी हसली, तेही हसले.

जिल्हा न्यायालय स्थानकावर मी त्यांना मुद्दाम उतरवलं. तिकीट पिंपरीपर्यंतचं होतं आणि गेटबाहेर पडायचंच नव्हतं. हे स्थानक जमिनीखाली ३३ मीटर आहे, तरी वरून थेट सूर्यप्रकाश खाली पोचतो. पुण्याच्या दोन्ही मार्गिका इथंच एकमेकींना छेदतात: आमची खालून, आणि वनाज ते रामवाडीची थेट वर, पुलावरून. हिंजवडीची तिसरी मार्गिकाही इथंच येऊन जोडायची आहे. आबा एका बाजूला उभे राहून सरकते जिने बघत होते. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. खोलीचं त्यांना फारसं कौतुक दिसलं नाही. त्यांचं लक्ष फलाटावरच्या पाटीकडं होतं, पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते दाखवणाऱ्या. पाटी म्हणाली तेव्हाच गाडी आली.

"हे भारी हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं बोगदा नगं. दहा मिन्टाला गाडी देऊ देत. लोक बुलेट घरात ठेवतील."

बुलेट ठेवतील ह्यावर माझा विश्वास नाही, पण पहिल्या भागाबद्दल मी त्यांच्याच बाजूची. कोल्हापुरात गंगावेशीत उभं राहून बसची वाट बघितलेल्या माणसाला 'पाच मिनिटे' ही पाटी म्हणजे चैन वाटते. आणि आमची रेल्वे तर १८९१ पासून कोल्हापुरात येऊन संपते ती संपतेच. वैभववाडीला, कोकणात उतरणारा रूळ अजून कागदावरच आहे.

शिवाजीनगरनंतर कृषी महाविद्यालयाच्या बाजूला गाडी भुयारातून वर आली, डब्यात ऊन शिरलं आणि आबांचा ब्रेकवरचा पाय पहिल्यांदा सैल झाला. बोपोडी, दापोडी, फुगेवाडी. ह्या फुगेवाडीवर ताईचा जुना राग. ६ मार्च २०२२ ला त्यांच्याकडं मेट्रो सुरू झाली, पण ती फुगेवाडीपर्यंतच. "फुगेवाडीला माझं काय काम?" असं ती फोनवर विचारायची. १ ऑगस्ट २०२३ ला गाडी न्यायालयापर्यंत गेली. स्वारगेटचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलं होतं, ते पावसानं बुडालं आणि २९ तारखेला झालं. तेव्हा कुठं आम्हा कोल्हापूरकरांचा आणि ह्या गाडीचा संबंध आला. आता पलीकडं निगडीकडं, आणि अलीकडं स्वारगेटपासून कात्रजला मार्ग वाढवायचं काम मंजूर आहे. कात्रजचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा सगळा भुयारी. तो झाला की एसटीतनं कात्रजलाच उतरायचं, असं आबांनी आत्ताच ठरवून टाकलंय.

पीसीएमसीला, म्हणजे पिंपरीच्या स्थानकावर, उतरलो आणि गेट उघडेना. चौपट घडीनं क्यूआरचा कोड मोडला होता. मागे रांग लागली. आबा घाम पुसत तिकिटावर इस्त्री केल्यासारखा तळवा फिरवू लागले. शेवटी तिथल्या मुलीनं यंत्र जवळ आणून दोन-तीनदा दाखवलं आणि दार सरकलं. "काका, पुढच्या वेळी घडी नका घालू." "तीस वर्सं लोकांची अशीच तिकिटं बघितल्यात बाई," आबा म्हणाले.

खाली ताई उभी होती. मी गुळाची ढेप तिच्या हातात दिली आणि वळून बघते तर आबा नाहीत. ते परत वर, गेटच्या अलीकडं उभे होते. गणवेशातला एक पोरगा खांद्याला बॅग लावून ड्युटीवर चालला होता, त्याला थांबवून ते विचारत होते, "बदली ड्रायव्हर येळेवर येतो न्हवं रं?"