छापील क्यूआर कोडवरून ॲप शेतकऱ्यांच्या फोनमध्ये पोचवताना

निफाड तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांसाठी मराठी मोबाइल ॲप तयार करून घेतले. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याचे भाव, फवारणीचा सल्ला आणि ज्याच्या त्याच्या मालाचा हिशोब त्यात पाहता येतो. ॲप सभासदांच्या फोनमध्ये पोचवण्याचे काम संचालक मंडळाने माझ्याकडे सोपवले. प्ले स्टोअरमध्ये इंग्रजी स्पेलिंग टाकून ॲप शोधणे अनेकांना जड जाते, शिवाय मिळत्याजुळत्या नावांची दुसरी ॲपही समोर येतात. म्हणून हँडबिल, वजनकाट्याजवळचा फलक, वजनाची पावती आणि भिंतीवरची दिनदर्शिका या चार ठिकाणी क्यूआर कोड छापायचे ठरले.

पहिला प्रश्न होता तो कोडमध्ये नेमका कोणता पत्ता भरायचा हा. साध्या कोडमध्ये पत्ता काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या रूपात कायमचा उमटतो आणि कागद छापून वाटला गेला की त्यात बदल करता येत नाही. फुकट कोड करून देणारी संकेतस्थळे अनेकदा मधे स्वतःचा पत्ता घालतात. शेजारच्या एका संस्थेने अशाच सेवेतून कोड घेतले होते आणि मुदत संपताच तिच्या सगळ्या माहितीपत्रकांवरचे कोड निकामी झाले. मोठ्या कंपनीची सेवा घेतली तरी ही चिंता मिटत नाही. ॲपकडे नेणारे छोटे दुवे करून देणारी गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली. दिनदर्शिका तर वर्षभर भिंतीवर राहणार, त्यामुळे आम्ही कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर छोटे पत्ते तयार केले आणि अँड्रॉइड फोनला प्ले स्टोअरकडे, तर आयफोनला ॲप स्टोअरकडे पाठवण्याची सोय तिथेच केली. हे पुढे पाठवणे कायमस्वरूपी प्रकारचे न ठेवता ३०२ या तात्पुरत्या प्रकारचे ठेवले, कारण कायमस्वरूपी पत्ता ब्राउझर लक्षात ठेवतो आणि नंतर बदल केला तरी जुन्याच ठिकाणी नेऊ शकतो.

पत्ता छोटा ठेवण्याचा दुसरा लाभ छपाईत मिळाला. प्ले स्टोअरचा पूर्ण पत्ता, कोणत्या कागदावरून स्कॅन झाले हे कळण्यासाठी त्याला जोडलेल्या खुणांसह, सुमारे ११५ अक्षरांचा होत होता आणि मध्यम दुरुस्ती-पातळीवर (काही भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा, या सोयीच्या पातळीवर) त्यासाठी ४५ बाय ४५ चौकड्यांचा कोड लागत होता. कोडमध्ये कॅपिटल अक्षरे कमी जागा घेतात, म्हणून आमचा छोटा पत्ता कॅपिटल अक्षरांत लिहिला, तेव्हा तो त्याच पातळीवर २५ बाय २५ मध्ये बसला. तीन सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्या प्रकारात एक चौकडी पाऊण मिलिमीटरपेक्षाही लहान होते, दुसऱ्या प्रकारात १.२ मिलिमीटरची होते. ओरखडे पडलेल्या कॅमेऱ्याच्या स्वस्त फोनवर हा फरक लगेच कळतो. कॅपिटल अक्षरांतला पत्ता सर्व्हरने स्वीकारावा, ही सूचना मात्र तंत्रज्ञाला आवर्जून द्यावी लागते.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. कारखान्यातले तेल आणि मळ गृहीत धरूनच त्यात दुरुस्तीची सोय आहे. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. कोडच्या मध्यभागी कंपनीचे बोधचिन्ह असावे, असा संचालकांचा आग्रह होता. वजनकाट्यावर उडणारी धूळ आणि कांद्याची पात पाहता ही राखीव सोय सजावटीत खर्च करू नये, असे मी ठामपणे मांडले आणि बोधचिन्ह कोडच्या शेजारी घेतले. यावर माझे मत आजही तेच आहे.

छापखान्यात देताना कोडची फाइल पीडीएफमध्ये, पेनड्राइव्हवरून दिली. व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्र आकसते आणि चौकड्यांच्या कडा पुसट होतात. कोड चार रंगांच्या मिश्रणातून न छापता फक्त काळ्या शाईत छापायला सांगितले, कारण ऑफसेटवर रंग किंचित सरकला तरी कडा दुहेरी दिसतात. कोडभोवती चार चौकड्यांइतकी पांढरी जागा सोडली आणि हँडबिलची घडी कोडवरून जाणार नाही, अशी मांडणी केली. फलकासाठी अंतराच्या एक दशांश हे सर्वसाधारण प्रमाण धरले. दोन मीटरवरून स्कॅन व्हावा म्हणून कोड २० सेंटिमीटरचा घेतला आणि दुपारच्या उन्हात चकाकू नये म्हणून मॅट लॅमिनेशन केले. पावतीचा थर्मल प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके उमटवतो, म्हणून प्रत्येक चौकडी पूर्ण सहा ठिपक्यांची ठेवली. प्रत्येक नमुना छापून आल्यावर साध्या फोनने, काट्यावरच्याच उजेडात तपासला.

सर्वांत अधिक विचार करावा लागला तो कोडशेजारच्या मजकुराचा. आपल्याकडे क्यूआर कोड बहुतेकांना परिचित झाला तो यूपीआयमुळे. फलक लागल्यावर काही सभासदांनी पैसे भरण्याचे ॲप उघडून कोड धरला आणि हा पैसे भरण्याचा कोड नाही, असा संदेश आल्याने ते माघारी फिरले. एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, “भाऊ, याच्यानं खात्यातले पैसे तर जाणार नाहीत ना?” ही शंका अगदी रास्त आहे, कोड स्कॅन करायला लावून, पिन टाकायला सांगून फसवल्याचे प्रकार त्यांनी ऐकलेले असतात. म्हणून पुढच्या छपाईत कोडच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिले: “फोनच्या कॅमेऱ्याने किंवा गूगल लेन्सने स्कॅन करा. पैसे लागत नाहीत. पिन कोठेही टाकू नका.” खाली ॲपचे नेमके नाव, डाउनलोडचा आकार आणि पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत दिला, म्हणजे स्कॅन केल्यावर फोनवर दिसणारा पत्ता कागदावरच्या पत्त्याशी ताडून पाहता येतो. फलकावरच्या कोडवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे काट्यावरचा कर्मचारी रोज सकाळी पाहतो.

चारही ठिकाणांना वेगवेगळे पत्ते दिले होते आणि प्ले स्टोअरच्या दुव्यात प्रत्येकाची वेगळी खूण जोडली होती, त्यामुळे किती जणांनी स्कॅन केले आणि किती जणांनी प्रत्यक्ष ॲप घेतले, हे वेगळे कळू लागले. वर्तमानपत्रातून वाटलेल्या हँडबिलांनी जवळजवळ काहीच साधले नाही. फलकावरून स्कॅन पुष्कळ झाले, पण काट्याजवळ नेटवर्क कमी असल्याने डाउनलोड अर्ध्यावर राहत होते. तिथे कंपनीचे वायफाय खुले केल्यावर ती अडचण बरीच कमी झाली. पावती सर्वांत उपयोगी ठरली. ती घरी जाते, तिच्यावर त्या दिवशीच्या मालाचे वजन असते आणि हिशोब पाहण्यासाठीच ॲप उघडायचे असल्याने घरातला मुलगा किंवा सून संध्याकाळी कोड स्कॅन करून देते. थर्मल कागद उन्हात फिका पडतो, म्हणून पावती त्याच दिवशी स्कॅन करावी, ही ओळ आम्ही आता तिच्यावर छापतो.

ज्यांच्या फोनमध्ये जागा उरलेली नाही किंवा गूगल खात्याचा पासवर्ड आठवत नाही, त्यांच्यापुढे कोडचा इलाज चालत नाही. अशा सभासदांसाठी मालाच्या आवकेच्या दिवशी काट्यावर एक जण बसवला आहे आणि दिनदर्शिकेच्या पुढील आवृत्तीत कोडखाली त्याच्या बसण्याचे वार छापायचे ठरले आहे.