दहा खासदार एकाच दुपारी गेले

२३ डिसेंबर २००५ला लोकसभेची पत्रकार गॅलरी खच्चून भरली होती. मी तेव्हा एका मराठी दैनिकाचा दिल्ली प्रतिनिधी होतो. अकरा दिवसांपूर्वीच 'ऑपरेशन दुर्योधन'ची दृश्यं साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली होती. कोब्रापोस्ट हे वृत्त-संकेतस्थळ आणि आज तक वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यापुढे खासदार सभागृहात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेत होते. पैसे देणारी लघुउद्योजकांची संघटना अस्तित्वातच नव्हती.

रकमा होत्या १५ हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंत. ''एवढ्याशा पैशांसाठी?'' असं त्या दिवसांत जो तो म्हणायचा. मला त्या बोलण्याची चीड यायची. म्हणजे करोड घेतले असते तर समजण्यासारखं होतं?

माझी निम्मी पत्रकारिता या प्रश्नांवर चालायची. माहितीचा अधिकार नुकताच, त्याच ऑक्टोबरात लागू झाला होता. तोवर रखडलेला रेल्वेमार्ग असो की कापसाची खरेदी, सरकारच्या तोंडून अधिकृत आकडा काढायचा तर खासदाराचा प्रश्न हाच हमखास मार्ग. दिवसाला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, फक्त २०, तेही सोडतीने. त्यातली एक जागा विकली गेली, की कुठल्या तरी तालुक्याचा खरा प्रश्न मागे पडतो. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या पवनकुमार बन्सल समितीचा अहवाल आला होता. समितीतले भाजपचे सदस्य विजयकुमार मल्होत्रांनी वेगळं मत नोंदवलं होतं. प्रणव मुखर्जींनी बडतर्फीचा प्रस्ताव मांडला. प्रकरण विशेषाधिकार समितीकडे पाठवा, अशी मागणी करत भाजपने सभात्याग केला. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ पत्रकाराने १९५१ सालच्या खासदार मुदगल यांची आठवण काढली. मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याचं ते प्रकरण. त्यांनी बडतर्फीआधीच राजीनामा दिला होता. या वेळी मात्र आवाजी मतदान झालं आणि लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चटर्जींनी प्रस्ताव संमत झाल्याचं जाहीर केलं. दहा जणांची खासदारकी काही क्षणांत संपली. अकरावे राज्यसभेचे, त्यांनाही त्याच दिवशी काढलं.

त्या दहांत दोघे आपल्या खानदेशातले होते. संध्याकाळी मी साठवून ठेवलेल्या तारांकित प्रश्नांच्या हिरव्या कागदावरच्या याद्या काढल्या आणि त्या दोघांची नावं शोधत बसलो. प्रत्येक प्रश्नापाशी थांबत होतो: हा मतदाराचा, की विकत घेतलेला? वाचून काहीच कळत नव्हतं. छापलेल्या यादीत दोन्ही सारखेच दिसतात.

घाईत शिक्षा झाली, बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही, असा आक्षेप पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जानेवारी २००७ला घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने बडतर्फी कायम केली. प्रक्रियेबद्दलचा तो आक्षेप मला आजही अगदीच फोल वाटत नाही. पण त्या माणसांना पुन्हा त्याच बाकांवर बसून प्रश्न विचारताना पाहणं मला सहन झालं नसतं.